सहा मुलं, तीन बोर्ड आणि कपाटावरचा डबा: क्लासच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ७ जून

पहिला तास झाला. सहा मुलं, १३ ते १६ वयाची, तीन ऊनो बोर्ड (अर्डुइनो ऊनो, म्हणजे कोड लिहून दिवे, बटणं, मोटर चालवता येतात असा छोटा कॉम्प्युटरच), म्हणजे दोघांत एक. मुलांची नावं इथे लिहायची नाहीत असं ठरवलंय त्यामुळे जोड्यांनाच काहीतरी नाव द्यावं लागेल, प्रोजेक्ट ठरले की बघू.

माझा हिशोब होता की पंधरा मिनिटांत सगळ्यांचे एलईडी लुकलुकतील. लागली पन्नास. एका जोडीचा बोर्ड कॉम्प्युटरला दिसेचना, पोर्टच येईना. आधी ड्रायव्हर टाकून बघितला (या बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप आहे, तिचा ड्रायव्हर कधीकधी वेगळा टाकावा लागतो), मग कॉम्प्युटर बंदचालू केला, मग टेबलाखाली जाऊन मागचं पोर्ट बदललं. बोर्डावरचा दिवा लागतोय म्हणजे केबल चांगली असं मी धरूनच चालले होते आणि ती निघाली नुसती चार्जिंगची केबल, आत डाटाच्या दोन तारा नाहीतच. घरी येऊन सगळ्या केबल तपासल्या आणि असल्या दोन होत्या त्यांना गाठ मारून ठेवलीय.

मी टेबलाखाली असताना बाकीच्या चौघांनी मात्र भारी काम केलं. न विचारता डिलेमधला (दोन लुकलुकींमध्ये किती मिलिसेकंद थांबायचं ते) १००० चा आकडा बदलत बसले. १००, मग ५०, मग १०. दहावर दिवा लुकलुकायचा बंद झाला, नुसता जरा मंद दिसायला लागला. "ताई, अडकला." त्यातली एक मुलगी, जी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, तिने बोर्ड केबलसकट उचलला आणि हवेत आडवा हलवला. प्रकाशाची सलग रेघ नाही, तुटक तुटक रेघ दिसली. अडकलेला नाहीये, डोळा मागे पडतोय. हे मी शिकवलेलं नाही.

शनिवार, १४ जून

आज एक नियम केला. अपलोडचं बटण दाबायच्या आधी वहीत एका ओळीत अंदाज लिहायचा, काय होईल वाटतं. नंतर खाली काय झालं ते. चूक की बरोबर याला काही मार्क नाहीत, पण न लिहिता दाबायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांनी कुरकुर केली आणि एकाने प्रत्येक ओळीत "चालेल" एवढंच लिहिलं.

मग रेझिस्टर, करंटला लगाम घालणारा. ५ व्होल्टपैकी लाल एलईडी साधारण २ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, उरले ३, भागिले २२० ओहम, म्हणजे १४ मिलिअँपिअरच्या आसपास. हे गणित फळ्यावर करून कुणाला काही वाटत नाही. म्हणून एकाच रेझिस्टरला लाल आणि निळा असे दोन एलईडी शेजारी शेजारी, पॅरलल, जोडायला दिले. अंदाज लिहा. सहाही जणांनी लिहिलं की दोन्ही लागतील पण मंद. लागला फक्त लाल.

निळा खराब आहे असं जाहीर झालं. दुसरा निळा लावला, तोही खराब. तिसरा. मग कुणीतरी चिडून लाल उपटला आणि निळा लख्ख पेटला. वर्गात एकदम ओरडा. लाल परत लावला की निळा विझतो, काढला की पेटतो, हे त्यांनी दहा वेळा केलं. निळ्याला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि लाल शेजारी असला की तो दोन्ही टोकांमधला दाब २ च्या वर जाऊच देत नाही, त्यामुळे निळ्याची पाळी येतच नाही. हे सांगायला मला दोन वाक्यं लागली कारण प्रश्न तयार होता.

एकाने विचारलं निळ्यालाच जास्त का लागतो. निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा जास्त असते म्हणून. मग बोलता बोलता ते पण सांगितलं की डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्येच बनला होता पण चांगला झळझळीत निळा यायला १९९० चं दशक उजाडलं, आणि त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. "एलईडीला नोबेल?" असं म्हणून त्याने हातातल्या त्या इवल्याशा निळ्याकडे जरा आदराने बघितलं आणि मग तो खिशात घातला. काढून घेतला.

शनिवार, २१ जून

बटण. मुद्दामच पुलअप (बटण सुटलेलं असताना पिनला ५ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) न लावता एक पाय पिनला, दुसरा ग्राउंडला (उणे टोकाला), आणि कोडमध्ये नुसतं इनपुट. बटण न दाबता दिवा आपोआप लागतोय विझतोय. एका जोडीने शोध लावला की हात जवळ नेला की दिवा लागतो, आणि आपण हात न लावता चालणारा स्विच बनवलाय म्हणून बाकीच्यांना दाखवत फिरायला लागले. त्यांना पाच मिनिटं फिरू दिलं. मोकळी पिन म्हणजे अँटेनाच, आजूबाजूच्या वायरिंगचा गोंगाट, अंगाची वीज, काहीही पकडते. मग आतला पुलअप चालू करायला सांगितला (चिपमध्येच असतो, २० ते ५० किलोओहमचा) आणि जादू बंद. त्यातला एक खरंच नाराज झाला.

पुलअपमुळे सगळं उलटं होतं, दाबलं की शून्य आणि सोडलं की एक, हे दरवर्षी एका वाक्यात सांगते आणि दरवर्षी तीन आठवडे निस्तरते.

मल्टीमीटरचा फ्यूज गेला. लाल वायर १० अँपिअरच्या शेजारच्या, मिलिअँपिअरच्या भोकात राहिलेली आणि तशीच थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावली. माझ्याच हातून.

प्रोजेक्ट ठरले. टायमरवाले (अभ्यासाला बसताना टेबलावर ठेवायचा टायमर, एलसीडी आणि बझर), कुंडीवाले (माती सुकली की सांगणारं यंत्र) आणि डबावाले (हात पुढे केला की झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा). गप्प मुलगी टायमरमध्ये, तिच्या जोडीला वर्गातला सगळ्यात घाईचा मुलगा. ही जोडी मी लावलेली नाही, चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

बुधवार, २५ जून

तयारी. मोठ्या ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता वायरी खोचायचा भोकांचा बोर्ड) लाल-निळी पट्टी कधीकधी मध्येच तुटलेली असते, म्हणजे वरच्या अर्ध्या पट्टीला दिलेला करंट खालच्या अर्ध्यात जात नाही. आपल्या तीनपैकी एकच बोर्ड तसा आहे. मार्करने खूण करून ठेवणार होते, मग विचार केला राहू दे, मल्टीमीटरची बीप (दोन टोकं जोडलेली असली की वाजणारी) कशासाठी शिकवली. नवीन फ्यूज बसवला.

शनिवार, २८ जून

आजची नोंद मोठी होणार.

टायमरवाल्यांचा कोड घरून तयार होता. १० सेकंदांना बझर वाजतो. ३० ला वाजतो. मग त्यांनी खरा वापर करायचा म्हणून ६० केला आणि वाजेचना. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. शांत. मुलाने लगेच "ताई, बोर्ड गेला" म्हणून हात वर केला.

मी कोड मागून बघितला आणि मला लगेच दिसलं. ओळ अशी होती की थांबायची वेळ बरोबर ६० गुणिले १०००. तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले, खरंच, कारण माझे हात आपोआप कीबोर्डकडे जातात आणि एकदा गेले की मुलं प्रेक्षक होतात.

वहीतले अंदाज: बझर गरम झाला. वायर सैल आहे. ६० आकडा टायमरला आवडत नाही. बझर बदलला, वायरी बदलल्या, बोर्ड पण बदलला (कुंडीवाल्यांचा पळवून). तसंच. मग गप्प मुलगी म्हणाली की ३० ला चालतं आणि ६० ला नाही, तर मधे कुठेतरी बिघडत असणार ना. ४५ टाकलं, नाही वाजला. ३७, नाही. ३३, नाही. ३१, वाजला. ३२, वाजला. म्हणजे ३२ पर्यंत ठीक, ३३ पासून बंद. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट तिघंचौघं श्वास रोखून बझरकडे बघतायत, बाकीच्या जोड्यांनी आपलं काम सोडलेलं. चाळीस मिनिटं गेली यात. डबावाल्यांचं आज काहीही झालं नाही आणि ते मला खटकतंय, पण त्या घोळक्यातून त्यांना उठवून काय मिळवलं असतं.

"नुसतं तेहतीस गुणिले हजार प्रिंट करून बघू का?" हे पण तिचंच. अंदाज लिहा म्हटलं. सगळ्यांनी ३३००० लिहिलं. स्क्रीनवर आलं उणे ३२५३६.

इतकी शांतता या वर्गात कधी नसते.

मग मात्र फळ्याकडे गेले. या बोर्डावर साधा पूर्णांक १६ बिटचा असतो, तो ३२७६७ च्या वर जाऊ शकत नाही, त्यापुढे गेला की गाडीच्या मीटरवर सगळे नऊ संपून फेरा पडावा तसा फिरून खालच्या टोकाला येतो, म्हणजे उणे ३२७६८ ला. ३३००० मधून ६५५३६ वजा करा, आलं उणे ३२५३६. आणि ६०००० मधून वजा केले तर उणे ५५३६. आता गंमत अशी की ही उणे ५५३६ ज्या डब्यात ठेवली तो ३२ बिटचा आणि त्याला उणे माहीतच नाही, त्यामुळे तिथे ते झालं ४२९ कोटी ४९ लाख ६१ हजार ७६०. इतके मिलिसेकंद. मुलाने फोनवर भागाकार केला, साधारण ४९.७ दिवस. टायमर बिघडलेला नव्हताच, तो बिचारा ५० दिवस थांबायच्या तयारीत होता.

दुरुस्ती काय तर १००० च्या पुढे यूएल अशी दोन अक्षरं, म्हणजे गुणाकार सुरुवातीपासूनच मोठ्या आकड्यांत होतो. कंपायलर याची सूचना देतो खरं तर, पण आमच्या सेटिंगमध्ये सूचना बंद होत्या, त्या आता चालू केल्या.

निघताना ती दारात थांबली. "ताई, पण मग मिलिसचा मोठा आकडा पण कधीतरी भरेल ना?" (मिलिस म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन.) भरेल, म्हटलं, तो पण ४९.७ दिवसांनीच. "मग तेव्हा आमचा टायमर काय करेल?" मला उत्तर माहीत होतं. पुढच्या शनिवारी बघू म्हटलं.

शनिवार, ५ जुलै

तर आठवडाभरात टायमरवाल्यांचं भांडण झालेलं. दोघांचा कोड वेगळा. तिचा: आत्ताची वेळ वजा मागची वेळ, ती ६०००० झाली का, आणि झाली की मागच्या वेळेत ६०००० मिळवायचे. त्याचा: आत्ताची वेळ अधिक ६०००० म्हणजे पुढची वेळ, आत्ताची त्याच्या पुढे गेली का. रोजच्या वापरात दोन्ही चालतात. तो म्हणतो त्याचा वाचायला सोपा आहे, आणि आहेच. ती म्हणते फेरा पडला की त्याचा चुकेल. तो म्हणतो सिद्ध कर.

मी फळ्यावर सिद्ध करू शकले असते, पाच मिनिटांचं काम. त्याऐवजी एक जादा बोर्ड काढून दिला. दोन्ही कोड एकाच बोर्डावर, डाव्या एलईडीला तिचा, उजव्याला त्याचा, दर मिनिटाला एलईडी उलटा करायचा आणि मोजणी एकने वाढवायची. ५० दिवस.

पहिली अडचण, मोजणी बघायची कशी. लॅपटॉप लावून सिरीयल मॉनिटर (बोर्डाने पाठवलेलं स्क्रीनवर दाखवणारी खिडकी) उघडू, दोघंही म्हणाले. आत्ताच करून बघा म्हटलं. पाच मिनिटं चालवला, मॉनिटर उघडला, मोजणी परत शून्यापासून. मॉनिटर उघडला की ऊनो रिसेट होतो, तशीच रचना आहे त्याची, अपलोडसाठी ते लागतं. ५० दिवस थांबून शेवटी स्वतःच्या हाताने सगळं पुसलं असतं. म्हणून एलसीडी जोडला. तो दर मिनिटाला, डाव्याच्या पाळीला, एकदाच लिहितो, कारण सारखं लिहीत बसला तर लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा मुख्य कोड) हळू होते.

दुसरी अडचण पॉवर. पॉवर बँक लावली, अर्ध्या मिनिटात सगळं बंद. इतका कमी करंट जातोय म्हणजे कुणी फोन काढून घेतला असं पॉवर बँक समजते आणि झोपते. शेवटी यूपीएसच्या मागच्या प्लगला साधा चार्जर लावला. बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात, डबा कपाटावर, वर चिठ्ठी: हात लावू नये, २४ ऑगस्टपर्यंत.

सुरू केला ११ वाजून १० मिनिटांनी. ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटं, ४७ सेकंद, म्हणजे २४ ऑगस्टला पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी फेरा. शेवटचा क्लास २३ ला. ते मुलांनीच दाखवून दिलं, मी तारखा मोजल्याच नव्हत्या.

शनिवार, १२ जुलै

बरोबर ११:१० ला सगळे कपाटाखाली उभे. सात दिवस म्हणजे १००८० मिनिटं. एलसीडीवर डावा १००७४, उजवा १००७३.

सहा मिनिटं कुठे गेली? अंदाज: लाइट गेली असेल (मग शून्यापासून आलं असतं, हे कुणीतरी लगेच खोडलं). कोड हळू आहे. शेवटी मी सांगितलं, हे काही कुणाला सुचलं नसतं. ऊनोच्या मुख्य चिपला घड्याळासाठी क्वार्ट्झचा क्रिस्टल नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो, आणि तो अर्धा टक्कासुद्धा पुढेमागे असू शकतो. आमचा साधारण ०.०६ टक्के मागे आहे, म्हणजे चांगलाच म्हणायचा. डाव्यापेक्षा उजवा एकाने मागे का, ते मात्र मुलाने स्वतः ओळखलं आणि जरा पडेल आवाजात सांगितलं. तो दर वेळी "आत्तापासून" पुढे मोजतो, त्यामुळे झालेला उशीर साचत जातो. ती ठरलेल्या वेळेपासून मोजते.

आठवड्याला सहा मिनिटं तर फेऱ्यापर्यंत त्रेचाळीस. चिठ्ठीवर ४:१२ खोडून ४:५५ लिहिलं.

डबावाले. झाकण उघडायला जातं आणि थरथरत बसतं, अर्धवट उघडतं, मिटतं, परत. कोडमध्ये दीड तास घातला त्यांनी. मी फक्त एवढं सुचवलं की सेटअपमध्ये (बोर्ड सुरू होताना एकदाच चालणारा कोड) १३ नंबरचा दिवा तीनदा लुकलुकवा. आता झाकण हललं की दर वेळी तीन लुकलुक. म्हणजे बोर्ड दर वेळी नव्याने सुरू होतोय! सर्व्हो (झाकण उचलणारी छोटी मोटर) सुरू होताना एकदम करंट ओढतो, व्होल्टेज पडतं, बोर्ड बेशुद्ध पडतो आणि उठून पहिल्यापासून सुरू करतो. सर्व्होला चार पेन्सिल सेलचा वेगळा पॅक दिला. तरी थरथर. ग्राउंड एकत्र जोडायचं राहिलेलं. ते जोडलं, शिवाय ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा) लावला, आणि झाकण असं काही रुबाबात उघडलं की त्यांनी त्यात स्वतःच्या वहीचं पान फाडून टाकलं.

शनिवार, १९ जुलै

सोल्डरिंग. एका वेळी दोघंच, चष्मे सगळ्यांना, खिडक्या उघड्या. पेन धरतात तसं धरा म्हटलं की मुलं टोकाजवळ धरायला जातात, म्हणून आता "मुठीच्या वर लोखंडाला हात नाही" एवढंच सांगते. आयर्न ३५० वर. आपली शिशाची तार १८३ ते १९० डिग्रीत वितळते, पण खरं कौशल्य वितळवण्यात नाहीच, आधी पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि पाय दोन्ही तापवायचे आणि मग तार त्या जोडाला लावायची, आयर्नला नाही. सगळे आयर्नवरच तार वितळवून थेंब टाकतात आणि तो मटमटीत करडा गोळा वरवर बसतो. बोटाने हलवला की पाय आत फिरतो.

धूर येतो तो फ्लक्सचा (तारेच्या आतला राळेसारखा पदार्थ), शिशाचा नाही, तरी नाकाखाली घ्यायचा नाहीच. आणि नंतर साबणाने हात धुवायचे. यात मी भलती कडक आहे, खाऊचा डबा उघडताना एकाला दारातून परत पाठवला.

कुंडीवाल्यांपैकी धाकटीचे जोड सगळ्यात चांगले आले. आतापर्यंत वही तिच्याकडे आणि कीबोर्ड जोडीदाराकडे असं चाललेलं, ते माझ्या लक्षात यायला सहा आठवडे लागले. दर वीस मिनिटांनी जागा बदलायच्या हा नियम पहिल्या दिवशी सांगितला होता आणि मीच पाळायला विसरले. आजपासून गजर लावलाय.

शनिवार, २६ जुलै

मातीचा सेन्सर तीन आठवड्यांत खलास. आकडा रोज थोडा थोडा घसरत होता आणि ते रोज पाणी घालत होते, कुंडीत चिखल. सेन्सर उपसला तर एक काटा शाबूत आणि दुसऱ्यावरचं तांबं खाऊन गेलेलं. ओल्या मातीतून चोवीस तास डीसी सोडला की इलेक्ट्रोलिसिस होणार, पॉझिटिव्हचा काटा झिजणार. शाळेत दोघांनीही इलेक्ट्रोलिसिसवर मार्क मिळवलेत, पण बीकरमधलं आणि कुंडीतलं एकच हे डोक्यात आलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

उपाय त्यांनीच काढला. सेन्सरची पॉवर एका डिजिटल पिनमधून द्यायची, तासातून एकदा चालू, आकडा घ्या, बंद. कोडमध्ये त्या फंक्शनचं नाव "सुट्टी" ठेवलंय.

शनिवार, २ ऑगस्ट

कचऱ्याचा डबा पुढे कुणी नसताना आपोआप उघडतो. भूत आहे असं ठरलं. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो, तो परत यायला लागलेला वेळ मायक्रोसेकंदात मोजायचा आणि ५८ ने भागलं की सेंटिमीटर. आम्ही २० मिलिसेकंदांची मर्यादा घातलीय, तेवढ्यात आवाज परत आला नाही तर फंक्शन शून्य देतं. आणि कोड विचारतो, अंतर २० पेक्षा कमी आहे का? शून्य कमीच आहे. म्हणजे समोर लांबपर्यंत कुणीच नसलं की डबा समजतो कुणीतरी अगदी चिकटून उभंय.

हे मी सांगून टाकलं. कंटाळा आला होता, डोकं दुखत होतं, कीबोर्ड ओढला, ओळ टाकली, झालं. दोघं "थँक्यू ताई" म्हणाले आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

दोघं आले नाहीत, परीक्षा. कपाटावर डावा आणि उजवा दोन्ही चालू. बाकी विशेष नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

डबावाल्यांना मुद्दाम विचारलं, शून्याची ती ओळ कशासाठी आहे. सांगता आलं नाही. मी ती पुसली आणि गेले. पाऊण तास लागला त्यांना, मधे मऊ लोकरीचं जाकीट सेन्सरसमोर धरलं तर समोर वस्तू असूनही शून्य येतं हे नवीनच सापडलं (मऊ कापड आवाज गिळतं), आणि शेवटी त्यांनी लिहिलेली ओळ माझ्या ओळीपेक्षा बरी आहे. शून्य आलं तर मागचाच आकडा धरायचा, आणि लागोपाठ पाच वेळा शून्य आलं तरच समोर कुणी नाही म्हणायचं. माझ्या ओळीत एखादा आवाज हुकला की झाकण मधेच मिटलं असतं.

शनिवार, २३ ऑगस्ट

शेवटचा क्लास. सगळ्यांनी आपापली यंत्रं चालवून दाखवली, चालली, एक डबा सोडून, तो वाटेत पिशवीत दबला आणि सर्व्होचा दात तुटला. दाखवायचा कार्यक्रम वगैरे काही ठेवला नव्हता, बरंच झालं.

मग कपाटाखाली बैठक. आज पहाटे नाही, उद्या पहाटे. अंदाज लिहायचे. मुलगा अजून ठाम, माझा पण चालेल. तिने मात्र पानभर लिहिलंय. तिचं म्हणणं असं की फेऱ्याच्या आधीच्या शेवटच्या मिनिटात त्याची "पुढची वेळ" फिरून छोटी होणार, मग आत्ताची वेळ तिच्यापेक्षा सतत मोठी, म्हणून दर लूपला एलईडी उलटा होत राहणार, आणि फेरा पडला की सगळं आपोआप ठीक. म्हणजे चूक दिसेल जेमतेम मिनिटभर, पहाटे पाचला, कुणी बघत नसताना. "पण मोजणीत राहील ना," असं म्हणून तिने वही मिटली. शेवटी खाली एक ओळ होती: त्या वेळी उजवा दिवा मंद दिसेल, हलवून बघितला तर तुटक रेघ.

रविवार, २४ ऑगस्ट

सकाळी १० ला दार उघडायच्या आधीच पाच जण पायरीवर बसलेले. सहावा फोनवर व्हिडिओ कॉलने.

खुर्ची मुलानेच कपाटाला लावली. डबा खाली काढायचा नाही, वरच बघायचं, वायर हलली तर संपलं. त्याने वाचून दाखवलं. डावा, ७१८८७. मग थांबला.

"उजवा एकवीस लाख आठ हजार..." आणि पुढे हसायलाच लागला.

नंतर तासभर कुणी गेलं नाही. त्या थोड्याशा सेकंदांत एकवीस लाख तर एक लूप किती मायक्रोसेकंदांची, असं गणित चालू झालं, पण नेमके किती सेकंद ते मोजायला आपण काहीच ठेवलं नव्हतं, त्याची पहिली वेळ एलसीडीवर लिहायला हवी होती. तिघांनी एकदम ते म्हटलं. मुलाने खुर्चीवरूनच विचारलं की परत लावायचा का, या वेळी वेळेसकट. ती म्हणाली तुझा कोड तसाच ठेव, बदलू नकोस.

११:२५ ला परत सुरू केला. चिठ्ठी नवीन. आता १३ ऑक्टोबर.